थर्टी फर्स्टला जाण्याआधी

मिरज, 12 डिसेंबर

चि. सोनूस,


फोनवर तू विचारलंस, "आत्या, एस्सिटालोप्राम आठवडाभर थांबवली तर काही होतं का?" आवाज जरा जास्तच सहज होता. औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर असला प्रश्न कुठून येतो ते कळतं. गोव्याला जायचंय, बरोबरची पोरं एमडीएमएसारखं काहीतरी नशेचं घेणार आहेत, आणि गोळी चालू असली की त्याची मजा येत नाही असं कुणीतरी कानात सांगितलंय. मी रागावलेली नाही. तुझ्या बाबांनाही बोललेली नाही.

मजा येत नाही हे खरं आहे, आणि मेख तिथेच आहे. मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी दारं असतात. तुझी नैराश्यावरची गोळी ती अडवून बसते. एमडीएमएला त्याच दारांतून शिरून आतला साठा बाहेर काढायचा असतो. दार अडलेलं, म्हणून कैफ चढत नाही. मग मुलं त्याची दुसरी मात्रा घेतात, तिसरी घेतात. नाडी पळायची आणि अंग तापायचं ते मात्र पूर्ण थांबत नाही. त्यातून नैराश्यावरची गोळी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन असेल तर एमडीएमए मोडणारं यकृतातलं एन्झाइमच दबतं, आणि तेवढ्याच मात्रेला रक्तातलं प्रमाण वाढतं.

म्हणून आधी थांबवायची, असा तुझा हिशेब. एस्सिटालोप्राम निम्मी उतरायलाच साधारण सव्वा दिवस जातो. फ्लुओक्सेटिनचे अंश तर कित्येक आठवडे रेंगाळतात. दरम्यान गरगरणं, चिडचिड, उडालेली झोप, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. आणि ज्या दुखण्यासाठी गोळी सुरू झाली ते डोकं वर काढणार कधी, तर पार्टीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा धडधाकट माणूससुद्धा एमडीएमए उतरल्यावर खचलेला असतो. जूनमध्ये तू इथे होतास तेव्हा वरणभात कालवून तसाच बसून राहायचास, हात सुकेपर्यंत. त्या दिवसांत परत जायची वाट तू स्वतःच आखतोयस, एवढंच मला दिसतं. विषबाधेपेक्षा मला याचीच धास्ती जास्त आहे.

विषबाधाही होते म्हणा. सेरोटोनिन अती झालं की काही तासांतच घाम, जुलाब, हातपायांना कंप, विस्फारलेल्या बाहुल्या, जिवाची तगमग. डॉक्टर तळपाय झटकन वर दाबून धरतात. घोटा आपोआप ठकठक उडत राहिला की त्यांना अंदाज येतो. पुढे स्नायू ताठतात आणि ताप चढतो. हा ताप स्नायूंतून येतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. गंमत बघ, यावर जे औषध देतात त्यातलं एक सायप्रोहेप्टाडिन. लहानपणी तू जेवत नव्हतास म्हणून भुकेसाठी तुला पाजलेलं सिरप तेच.

1984 साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची 18 वर्षांची मुलगी ताप आणि थरथर घेऊन दाखल झाली. नैराश्यासाठी ती फेनेल्झिन घेत होती, जुन्या पिढीतलं औषध. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन टोचलं गेलं. ही दोन एकत्र आली की सेरोटोनिन उसळतं, हे वैर जुनं. सकाळी ती गेली. तिने कोकेन घेतलं होतं की नाही यावर पुढे कोर्टात बरीच भांडणं झाली. निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांना तिथे मर्यादा आली ती या प्रकरणामुळे, आणि लोकांना ते तेवढ्यासाठीच आठवतं. मला मात्र त्यातलं पेथिडिन आठवतं. तेही इस्पितळातलंच औषध होतं, नाक्यावरची पुडी नव्हे.

पुडीचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे "एमडी" म्हणून फिरतं ते बहुतेकदा मेफेड्रोन, एमडीएमए नव्हे. 2015 पासून तेही अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत जो कारखाना पकडला, तो याचाच. विकणाऱ्यालाही पुडीत काय आहे ते माहीत नसतं. त्यावर तू कसला हिशेब मांडणार?

अंगदुखीला मित्राकडची ट्रामाडॉल किंवा खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं औषध घेऊ नकोस. तीही सेरोटोनिन वाढवतात, आणि ट्रामाडॉलने फिटही येऊ शकते. बिअरने झोप आणि मन दोन्ही बिघडतं, ते तू अनुभवलंयस. अजून एक, नाचून तापलेल्याला पोरं बाटल्याच्या बाटल्या पाणी पाजतात. एमडीएमए आणि तुझी गोळी, दोन्हींनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. 1995 साली इंग्लंडमध्ये लिआ बेट्स नावाची मुलगी एमडीएमए घेऊन गेली ती असंच अती पाणी पिऊन.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तू जाशील. गोळी मात्र रोज घे, दुसरं काही घेऊ नकोस. निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांना भेट आणि मला विचारलंस तेच त्यांना विचार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर गुप्ततेचं बंधन आहे, लाजू नकोस. तिथे कुणाचं अंग तापलं, बडबड सुरू झाली, तर खोलीत झोपवून ठेवू नका. 108 लावा, आणि काय घेतलं ते अॅम्ब्युलन्सवाल्याला खरं सांगा. परतल्यावर मन घसरलं तर 14416 वर टेली-मानस आहे, रात्रीसुद्धा.

डॉक्टरांकडे जाऊन आलास की मेसेज टाक. बाबांना काय सांगायचं ते मग आपण दोघं ठरवू.

तुझी,
आत्या