कुंडीतला टोमॅटो ताटात, कॅरेटमधला बाटलीत

गच्चीवर टोमॅटो लावायचे, त्याचाच सॉस करायचा आणि दुकानातली बाटली बंद करायची, हा बेत ऐकायला झकास वाटतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसले की त्याचे दोन तुकडे पडतात. कुंडीतला टोमॅटो परवडतो, पण ताटात वाढायला. सॉसही परवडतो, पण मंडईत भाव पडलेला असताना घेतलेल्या टोमॅटोचा. कराड-मलकापूरच्या घरांसाठी हे दोन्ही हिशेब इथे वेगवेगळे मांडले आहेत. दर ढोबळ धरले आहेत. तुमच्या दुकानातले दर त्या जागी टाका, हिशेबाची रीत बदलणार नाही.

पाच रोपांचा पहिल्या वर्षाचा खर्च

- १२ × १२ इंची ग्रो बॅग, ५ नग (४० रुपयांप्रमाणे): २०० रुपये
- पोयटा माती आणि कुजलेले शेणखत: १५० रुपये
- गांडूळखत, १० किलो: १५० रुपये
- कोकोपीटची ५ किलोची वीट (अर्धी उरेल): २०० रुपये
- निंबोळी पेंड, २ किलो: ८० रुपये
- रोपे, ६ (एक मरणार असे धरून): २० रुपये
- बांबूच्या काठ्या, सुतळी: १०० रुपये
- निंबोळी तेल, पिवळे चिकट सापळे: ११० रुपये

एकूण १,०१० रुपये. कुंडीतले रोप नीट सांभाळले तर दीड ते दोन किलो फळ देते. पाच रोपांचे ८ ते १० किलो धरले, तर पहिल्या वर्षी किलोला १०० ते १२५ रुपये पडतात. दुसऱ्या वर्षी बॅगा, काठ्या, कोकोपीट घरचेच असते. गांडूळखत, पेंड, रोपे आणि फवारणी मिळून ३६० रुपये लागतात, म्हणजे किलोला सुमारे ४० रुपये.

खर्च कमी करायच्या जागा ठरलेल्या आहेत. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा बुडाला पाच-सहा भोके पाडून वापरला, तर बॅगेचे पैसे वाचतात. आच्छादनासाठी काही विकत घेऊ नका. उसाच्या पट्ट्यात राहून पाचट विकत घेणे म्हणजे कमालच. शेतातल्या ओळखीच्या माणसाकडून एक पोतेभर आणा आणि मातीवर दोन बोटे जाडीचा थर द्या. पाणी उडून जाणे बरेच कमी होते.

पाण्याचा खर्च मात्र नगण्य आहे. रोपाला दिवसाला सरासरी दीड लिटर धरले, तर पाच रोपांना चार महिन्यांत सुमारे ९०० लिटर लागते. मलकापुरात मीटरवर चोवीस तास पाणी मिळते. तिथेही चार महिन्यांत हा आकडा एक युनिट, म्हणजे हजार लिटर, ओलांडत नाही.

माती, वाण, वेळ

कृष्णाकाठची काळी माती शेतात सोने, पण नुसती कुंडीत भरली तर पाणी घालताच चिकट आणि सुकली की भेगाळलेली. म्हणून एक भाग पोयटा, एक भाग शेणखत-गांडूळखत आणि एक भाग भिजवलेले कोकोपीट असे मिश्रण करा. पेंड त्यातच मिसळा.

वाण ठरवताना फळ कशाला हवे ते आधी ठरवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘धनश्री’ रोजच्या खाण्याला चांगला. त्यांच्याच ‘भाग्यश्री’त गर जास्त आणि बिया कमी, त्यामुळे तो आटवायला सोयीचा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. नवख्याने हाच घ्यावा. मात्र संकर वाणाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, झाडे एकसारखी येत नाहीत. धनश्री, भाग्यश्रीचे बी धरता येते.

बी ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टाका. २५ ते ३० दिवसांचे रोप सप्टेंबरअखेर बॅगेत लावा. डिसेंबरपासून फळ सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. थेट जूनमध्ये लावलेले रोप सततच्या पावसात करप्याला बळी पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावले तर ऐन फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि फूल गळते.

अडचण अशी की गच्चीवरचा टोमॅटो हिवाळ्यात येतो आणि मंडईतला टोमॅटोही हिवाळ्यातच स्वस्त असतो. जून-जुलैत भाव चढतात तेव्हा कुंडी रिकामी असते. म्हणून कुंडीने भाजीचे बिल कमी होईल, या आशेवर बसू नका. कुंडीचा फायदा वेगळा आहे. झाडावर पूर्ण पिकलेले फळ मिळते आणि फवारणीत काय गेले ते आपल्याला ठाऊक असते.

तीन गोष्टींवर नजर ठेवा:

- पाने आक्रसून वर वळली तर पांढऱ्या माशीने पर्णगुच्छाचा विषाणू आणला असे समजा. त्यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका, म्हणजे बाकीची चार वाचतील. माशी येऊच नये म्हणून सापळे पहिल्या आठवड्यातच टांगा.
- फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग आला तर तो रोग नसतो. दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी बादलीभर, अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेले पाणी द्या.
- पानांत वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर नागअळी आहे. तशी पाने तोडून जाळा. पानावर मोठे, पारदर्शक चट्टे आणि फळाला टाचणीएवढी भोके दिसली तर ती टूटा अळी. ती भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये पुणे परिसरात आढळली. असे पान पिशवीत घालून कृषी सेवा केंद्रात दाखवा, अंदाजाने औषध आणू नका.

पीक निघाल्यावर त्याच मातीत वांगी, मिरची, बटाटा नको. हे सगळे टोमॅटोचेच भाऊबंद, रोगही तेच. मेथी-पालकाचा एक हंगाम घ्या.

पाच किलोचा सॉस

आता दुसरा हिशेब. पाच किलो टोमॅटोचा साल-बिया काढून साधारण चार किलो गर निघतो. त्याला लागणारे सामान:

- टोमॅटो, ५ किलो (१५ रुपये भाव): ७५ रुपये
- साखर, ३०० ग्रॅम: १४ रुपये
- कांदा २०० ग्रॅम, आले ४० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम: १५ रुपये
- तिखट, मीठ, दालचिनी, लवंग, मिरी, जिरे: २५ रुपये
- व्हिनेगर, १०० मिली: १० रुपये
- गॅस, सुमारे ३०० ग्रॅम: २० रुपये

एकूण १५९ रुपये. सॉस तयार होतो सुमारे १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे किलोला १०० रुपये. दुकानातली किलोची बाटली १४० रुपयांना धरली, तर किलोमागे ४० रुपये वाचतात. हाच सॉस ६० रुपये भावाच्या टोमॅटोचा केला, तर किलोला २४० रुपये पडतात. दोन्ही पारडी समान होतात ती टोमॅटो २८ रुपये किलो असताना. भाव त्याखाली असेल तर घरी सॉस करा, वर गेला की बाटली विकत आणा. तुमच्या दोन तासांची किंमत यात धरलेली नाही.

कृती थोडक्यात. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून गार पाण्यात काढा, साल हाताने सुटते. चिरून दहा मिनिटे शिजवा आणि बारीक जाळीच्या पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेल्या गराला किंचित कडवटपणा येतो, पुरणयंत्रात तो येत नाही. गर स्टीलच्या रुंद पातेल्यात आटवायला ठेवा. लोखंडी कढई आणि बिनकल्हईचे पितळ नको. कांदा, आले, लसूण आणि खडा मसाला कापडात बांधून पुरचुंडी गरात सोडा. एक तृतीयांश साखर सुरुवातीला, उरलेली शेवटी. मीठ, तिखट आणि व्हिनेगरही शेवटीच घाला, रंग उजळ राहतो. पुरचुंडी पिळून काढा.

झाला की नाही हे पाहायला थेंबभर सॉस स्टीलच्या ताटलीवर टाका आणि ताटली कलती करा. थेंबाभोवती पाण्याचे कडे सुटले तर अजून आटायचा आहे. बाजारातल्या केचपला मीठ वगळून किमान २५ टक्के विद्राव्य घन पदार्थ आणि १ टक्का आम्लता असावी असा अन्नसुरक्षा मानकांचा नियम आहे. टोमॅटोत मुळात असे घन पदार्थ ४-५ टक्केच असतात, बाकी सगळे पाणी. म्हणून इतके आटवावे लागते.

टिकवण्याबाबत पैसे वाचवू नका. काचेच्या बाटल्या घ्या आणि पाण्यात वीस मिनिटे उकळा. जुन्या धुतल्या तरी चालतात, झाकण मात्र नवे हवे. सोडियम बेंझोएटचे घरगुती प्रमाण किलोला पाव ग्रॅम असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मोजता येत नाही आणि अंदाजाने घालणे बरे नाही. त्यापेक्षा पाव-पाव किलोच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्यात संपवा.

जास्त बचत कुठे?

सॉसपेक्षा दोन गोष्टी अधिक परवडतात.

पहिली प्युरी. जानेवारी-फेब्रुवारीत भाव पडलेले असताना पाच किलो टोमॅटोचा गर निम्मा आटवा. सगळा खर्च ९० रुपये आणि प्युरी दोन किलो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. जुलैत टोमॅटो ६० रुपये झाला की तेवढ्याच टोमॅटोला ३०० रुपये मोजावे लागतात, म्हणजे २१० रुपये वाचले. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती आणि सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांवर माल फेकून द्यायची पाळी आली. ज्यांच्या फ्रीझरमध्ये वड्या होत्या त्यांना तो जुलै जाणवला नसेल. अट एकच, फ्रीझर वेगळ्या दाराचा हवा. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दीड-दोन महिन्यांवर भरवसा ठेवू नका. आणि प्युरी फडताळात नको. टोमॅटोची आंबटता वाणागणिक बदलते. आम्ल कमी पडले तर बंद बाटलीत घातक जिवाणू वाढू शकतात.

दुसरी साल्सा. कच्चा टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ, बस. अर्धा किलो टोमॅटोची साल्सा २५ रुपयांत होते, टोमॅटो ६० रुपये किलो असला तरी पन्नासच्या आत. आटवणे नसल्यामुळे टोमॅटोतले पाणीही वजनात मोजले जाते, गॅस लागत नाही. बिया काढून टाका, मीठ-लिंबू वाढताना घाला आणि फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. चिप्सच हवेत असे नाही, ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडेही चालतात. इथे कुंडीतला टोमॅटो खरा उपयोगी पडतो, कारण कच्च्या पदार्थात फळाची चव झाकली जात नाही. तोच टोमॅटो, मिरची आणि लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून शेंगदाण्यांबरोबर खलबत्त्यात कुटला की ठेचा तयार.

काय करावे?

चार माणसांच्या घराने सप्टेंबरात पाच रोपे लावावीत, ती कोशिंबीर, साल्सा आणि ठेच्यासाठी. सॉस-प्युरीसाठी जानेवारीनंतर बाजार समितीच्या आवारात किंवा मंडईत भाव पाहावा. वीस किलोचे कॅरेट दोन-तीन घरांनी वाटून घेतले की किरकोळीपेक्षा स्वस्त पडते. पूर्ण लाल, मऊ पण न फुटलेला माल निवडावा. बुरशीचा एक ठिपका असलेले फळ सॉसमध्ये ‘चालून जाईल’ म्हणू नये.

आणि बाटल्या ओळखीच्यांना विकायचा विचार असेल, तर आधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी. घरगुती उत्पादकालाही ती लागते. बाटलीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहावा. दर ठरवताना किलोचे १०० रुपये हा फक्त सामानाचा खर्च आहे, हे विसरू नये. त्यात बाटली, झाकण, लेबल आणि स्वतःची मजुरी मिळवली की दुकानातल्या बाटलीशी किमतीत बरोबरी होत नाही. गिऱ्हाईक मिळेल ते चवीवर.