मनातली अढी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. शाळेत आम्ही रोज क्षमेची प्रार्थना म्हणायचो आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना बडवायचो.

हॉस्टेलमधले राग तुम्हाला माहीतच आहेत. रूममेट न विचारता बादली नेतो, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल गायब होतं. हे राग मेसच्या चहाबरोबर उतरतात. माझा एक राग मात्र दोन वर्षं उतरला नव्हता. फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशनच्या रांगेत एकजण माझ्याकडे बघून म्हणाला होता, "यांना काय, मार्क नसले तरी चालतं." मला मार्क होते. आता तो माझ्याच प्रॅक्टिकल बॅचमध्ये आहे.

दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मैत्री कर." मी भडकलोच. "त्याच्याशी? आजी, तू पण ना!" ती हसली. तिला दोस्ती म्हणायचं नव्हतं, विहारात करतात ती मैत्री भावना म्हणायचं होतं.

मग थोडं वाचलं. मनात धरून ठेवलेल्या रागाला पालीत 'आघात' म्हणतात. म्हणजे मराठीत बसलेला धक्का, पालीत तो जपून ठेवणं! ५ व्या शतकात बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात या ध्यानाचा क्रम दिलाय. शत्रूपासून सुरुवात करायचीच नाही. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आदरणीय माणसाचं, मग जिवलगाचं, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याचं (मी गेटवरचे वॉचमनकाका घेतो) आणि शेवटी ज्याचा राग आहे त्याचं. तिथे मन पेटलं तर मागच्या पायरीवर यायचं. पहिले आठ दिवस मी वॉचमनकाकांच्या पुढे गेलोच नाही.

अंगुत्तर निकायात सारिपुत्तांची एक उपमा आहे. तहानलेल्या वाटसरूला गाईच्या खुराच्या ठशात थोडंसं पाणी दिसतं. ओंजळीने घेतलं तर गढूळ होणार, म्हणून तो हात-गुडघे टेकून गाईसारखा तोंडानेच पितो. काही माणसांतलं चांगलंही एवढंच असतं, ते न ढवळता घ्यावं. बॅचमेटमध्ये मला एक गोष्ट सापडली. रीडिंग चुकलं तर तो मनाने आकडा टाकत नाही, पुन्हा घेतो. (आपल्यात असे किती?)

पण मग अन्याय गिळायचा का? सांगलीला परतताना रेल्वेत मसूर स्टेशन लागलं. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेला छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर इथेच उतरला होता. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. वाटेत दाखवलेलं पाणी चिखल-शेणाने भरलेलं, म्हणून ती उपाशीच झोपली. सारिपुत्तांची उपमा मला इथे अडली. हे पाणी मुलांनी प्यायलं नाही, आणि बरोबरच केलं. बाबासाहेबांनी पुढे हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं. आणि त्यांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मैत्रीला प्रेमाहून व्यापक म्हटलं. विसरणं आणि मैत्री एक नव्हे, एवढं मला त्या स्टेशनवर कळलं.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये मी त्याला रांगेतलं ते वाक्य सांगितलं. आवाज चढला नाही, पण हात थरथरत होते.

"मी असं म्हणालो होतो?"

"हो. आणि मला मार्क होते."

तो गप्प बसला. मग आम्ही उरलेली तीन रीडिंग्ज घेतली.