मदत मागितली तर प्रवेश हुकतो?

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना आर्थिक मदत मागितली तर प्रवेश हुकतो म्हणतात. खरं का?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी खरं आहे. तिथल्या केंद्र सरकारची मदत परदेशी मुलांना मिळत नाही. विद्यापीठ स्वतःच्या पैशातून देतं, तेही हात आखडून; म्हणून निवडतानाच ऐपत बघितली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी मात्र निवडताना ऐपत बघत नाहीत आणि निवडलेल्याची गरज पूर्ण भागवतात. अर्थात निवड होणंच महाकठीण! गरज बहुधा ‘सीएसएस प्रोफाइल’ या फॉर्मवरून ठरते, त्यात पगार, आयकर, घर, शेती सगळं मांडावं लागतं. शेती असेल तर सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद आत्ताच करून घ्या. मदत हवी असेल तर पहिल्याच अर्जात मागा. प्रवेशानंतर मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं सरळ नकार देतात.