बोली लावण्याआधी

सुमे, नाण्यांच्या प्रदर्शनाला चालली आहेस आणि लिलावातही बसणार म्हणतेस, तर आत्याचं थोडं ऐकून जा. बोली लावायच्या आधी लॉट पाहायला ठेवतात, ती वेळ अजिबात चुकवू नकोस. कॅटलॉगच्या फोटोत नाण्याच्या दोन बाजू दिसतात, कड दिसत नाही, आणि खोट पुष्कळदा कडेलाच असते. बरोबर दहापटीचं भिंग, छोटा वजनकाटा आणि मऊ रुमाल घे. नाणं हातात मागायला लाजू नकोस. रुमाल खाली पसरायचा आणि नाणं कडेनं, दोन बोटांत धरायचं.

तुला शिवराई हवी आहे, ते मला ठाऊक आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही हातानं ठोकलेली नाणी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं कडेला तुटणारच. अर्धा ‘श्री’ दिसतो म्हणून नाणं खोटं ठरत नाही. उलट सगळी अक्षरं आणि भोवतीची ठिपक्यांची माळ पुरती जागेवर असेल तर भिंग लावून दोनदा बघ. अशी नाणी असतात, त्यांना भावही चांगला येतो, आणि म्हणूनच नकलाही त्यांच्याच होतात. ओतीव नकलेत खोलगट जागी सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोलावलेली असतात, कडेवर कानशीच्या रेघा सापडतात. नुसत्या वजनावर मात्र शिवराईचा निवाडा करू नकोस, ते कमीजास्त भरतं. आणि प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्याच काळातली, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. ती पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही बाजारात चालत होती. मजकुराच्या मधोमध दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ उशिराची, तिला पहिल्या काळातल्या नाण्याचा भाव द्यायचा नाही.

राणीछाप रुपयाचं तसं नाही. तो यंत्रावर पाडलेला, 11.66 ग्रॅमचा. झिजेनं थोडं कमी भरेल, फार नाही. त्याला लोहचुंबक चिकटलं तर तिथेच खाली ठेव. इंग्रजी अमलातल्या रुपयांत 1947 चा तेवढा निकेलचा, तो चिकटणारच. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे त्यातला शेवटचा 9 भिंगाखाली नीट बघ, आकडा कोरून बदलणारे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 1818 साल आणि राम किंवा मारुती असलेला ‘आणा’ दाखवतील. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही.

एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगते. तांब्याचं नाणं चिंच-मीठ लावून घासू नकोस आणि घासलेलं घेऊही नकोस. देव्हाऱ्यातली भांडी लखलखीत हवीत, नाणं नको. त्यावरचा तपकिरी-काळसर थर दीडदोनशे वर्षांत चढलेला असतो. एकदा गेला की गेला, आणि जाताना अक्षरांची धारही घेऊन जातो. मला अशी घासलेली शिवराई पाहवत नाही.

लिलावात नोटा आणि टपाल तिकिटंही असतील. नोट उजेडासमोर तिरकी धर म्हणजे इस्त्रीनं दाबलेली घडी आणि बुजवलेली टाचणीची भोकं कळतात. तिकीट चिमट्यानंच उचल आणि आधी पाठ बघ, डिंक मूळचा आहे की नंतर लावलेला. 1948 च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ छापलेलं कुणी टेबलावर सहज काढून दाखवलं तर नमस्कार करून पुढे जा. तसे शंभरच संच छापले होते.

आता पैशांचं. हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलाववाल्यांचं कमिशन आणि जीएसटी चढतो. दर कॅटलॉगच्या नियमांच्या पानावर असतात, ते घरीच वाच. घरातून किती पैसे जाणार ते आधी ठरव, त्यातून हे वजा कर आणि उरलेला आकडा लॉटशेजारी पेन्सिलीनं लिही. बोली त्याच्यापुढे गेली की हात खाली. समोरचा चुरशीला पेटला असेल तर त्याला पेटू दे. पुष्कळ नाण्यांचा एकत्र लॉट बहुधा परत घेत नाहीत, म्हणून त्यातलं एकेक नाणं पाहिल्याशिवाय बोली लावू नकोस.

शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, 1972 चा कायदा आहे. अमेरिकेतल्या दादाला भेट पाठवायचा बेत असेल तर सोडून दे. नोटबंदीतल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा संग्रहासाठीसुद्धा पंचवीसच्या वर ठेवता येत नाहीत. शेतात नांगरताना सापडलेली म्हणून कुणी कोपऱ्यात बोलावून नाणी दाखवली तर हातही लावू नकोस. असा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो.

घरी आणल्यावर पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नकोस, तांब्यावर हिरवट चिकटा येतो. कागदी पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट घे. लॉटची चिठ्ठी आणि पावती नाण्याबरोबरच ठेव, पुढे विकायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागतात.