कणकण आहे, हे आधी सांग

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं मला. "काही नाही गं ताई, जरा घसा धरलाय," म्हणालीस आणि लगेच साडीवर आलीस. शनिवारी तुमच्या लग्नाचा वाढदिवस. जावईबापूंनी पहाटेची बोरच्या जंगलाची सफारी ठरवलीय, रात्री सावजीकडे जेवण, शिवाय सासूबाईंच्या मनात भावकीतली चार माणसं बोलवायचं आहे. आणि तू अंगात कणकण घेऊन ब्लाउजचे हूक बदलत बसलीयेस. म्हणून आज सविस्तर बोलते. फोनवर तू अर्ध्यातच कुकरकडे पळतेस.

थोडंसं आजारी असणं भारी अवघड बाई. एकशेतीन ताप असता तर घर आपोआप थांबलं असतं, सासूबाईंनीच कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या. साडेनव्याण्णवला कोणी विचारत नाही. झोपून राहावं इतकं दुखत नाही आणि हसावं इतकं बरंही वाटत नाही. मग आपण बायका काय करतो? एक गोळी घेतो, पावडर लावतो आणि निघतो. रात्री घरी आल्यावर नवरा मोबाईलमधले फोटो बघतो आणि विचारतो, "तोंड असं का केलंस सगळीकडे? आवडलं नाही का तुला?" झालं. आपल्याला वाटतं याला एवढंही दिसलं नाही. त्याला वाटतं एवढं करूनही हिला गोड नाही. लग्नाच्या वाढदिवशी होणारी निम्मी भांडणं मला तरी याच जातीची दिसतात.

म्हणून पहिलं काम, आजच सांग. शनिवारी पहाटे जीप दारात आल्यावर नको. आणि सांगताना "बघू, वाटलं तर जाऊ" असं गुळमुळीत नको. पुरुषांना त्यातलं "जाऊ" तेवढंच ऐकू येतं. सरळ म्हण, "मला कालपासून कणकण आहे, पहाटेच्या गार वाऱ्यात उघड्या जीपमध्ये मी बसणार नाही. सफारी पुढच्या महिन्यात करू." वाघ काही कुठं जात नाही. दिसायचा असला तर तेव्हाही दिसेल, नसला तर परवाही दिसला नसता.

आणि "नेमकी याच दिवशी कशी आजारी पडले" असं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे लग्नं होतात कधी? तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, घरात दोन पैसे आलेले असतात. त्यातून उरलेली लग्नं वैशाख-ज्येष्ठात, कारण तेव्हा शेत रिकामं आणि शाळांना सुट्टी. म्हणजे वर्ध्यातल्या बहुतेक जोडप्यांचा वाढदिवस एक तर पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा अशा सर्दी-पडशाच्या दिवसांत येतो, नाहीतर पारा पंचेचाळिसावर गेलेला असताना. पंचांगानंच तुझी ही सर्दी लिहून ठेवलीय म्हण ना! माझा वाढदिवस मे महिन्यातला. आमच्याकडे तेव्हा कोणाला ना कोणाला ऊन लागलेलंच असतं. त्या वेळची कणकण वेगळी हो, तिला गोळी नव्हे, पाणी लागतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच घ्यायचा, आणि घोट घोट पीत राहायचं. पण उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग नुसतं भट्टीसारखं तापलं, तर घरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

तुझं सध्याचं साधं पडसं दिसतंय. तरी गोळ्यांचं एक ऐक. पॅरासिटामॉल घेतलीस की ताप उतरतो, चार-सहा तास बरं वाटतं, आणि त्या जोरावर माणूस नको तेवढं हिंडतं. आजार तिथंच असतो, फक्त कळत नाही. दुसरं म्हणजे सर्दीच्या म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून आणखी वेगळी घेतलीस तर नकळत दुप्पट होतं. पाकीट उलटून वाचत जा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक तर मुळीच शोधू नकोस, साध्या सर्दीवर तिचा उपयोग नाही. आणि अजून डासांचे दिवस सरलेले नाहीत. ताप चढला आणि डोळ्यांच्या मागे, सांध्यांत दुखायला लागलं तर अंगदुखीच्या दुसऱ्या कुठल्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. डेंग्यू असला तर त्यातल्या काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन-तीन दिवसांत उतार नाही पडला, तर सेवाग्रामला किंवा सावंगीला दाखवून ये. दोन-दोन मेडिकल कॉलेजं उशाशी असताना आपण शेजारणीला औषध विचारतो, याला काय म्हणावं!

आता जावईबापू. माणूस प्रेमळ आहे, म्हणूनच मला जरा धास्ती वाटते. तू आजारी आहेस म्हटल्यावर ते हातपाय हलवायला लागतील, आणि तुला काय हवंय ते न विचारताच हलवतील. गुळवेलीचा काढा, हळदीची वाफ, मोबाईलवर पाहिलेलं आणखी काही. सेवाग्राम आपल्या दाराशी, म्हणून बा-बापूंची, म्हणजे कस्तुरबा आणि गांधीजींची, गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेतली आहे, बापूंनी आत्मकथेत स्वतःच लिहिलीय. बांना रक्तस्राव होत होता, शस्त्रक्रिया होऊनही तो पुन्हा सुरू झाला. बापू म्हणाले, मीठ आणि डाळी सोड. बा वैतागून म्हणाल्या, हे तुम्हालाही कोणी सोडायला सांगितलं तर जमणार नाही. झालं, बापूंनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं! बा रडकुंडीला आल्या, मी सोडते पण तुम्ही तुमचं व्रत मागे घ्या म्हणून विनवलं. बापूंनी ते काही मागे घेतलं नाही. पुढे बांना आराम पडला आणि बापूंना तो प्रसंग आयुष्यातल्या गोड आठवणींपैकी वाटला. मी मात्र दर वेळी बांच्या बाजूनं असते. दुखणं तिचं, आणि समजूत काढायची तीही तिनंच? नवऱ्याच्या मायेला असा हट्ट फुटतो कधी कधी. त्यावर उपाय एकच, काम नेमून द्यायचं. "माझ्यासाठी काहीतरी कर" नको. "रात्री मुगाची खिचडी टाक, कढी कर, आणि मुलांचा अभ्यास तू घे," असं. खिचडी पातळ झाली तर गप खा. शेजारी उभं राहून फोडणी शिकवायला जाऊ नकोस, आजारी आहेस ना तू?

आणि एक खोली माग, निदान एक कोपरा. सेवाग्रामला आदि निवास बघितलास ना? सगळे तिथं एकत्र राहायचे, पाहुण्यांची ये-जा. बांना त्या गर्दीत अवघडायचं, म्हणून जमनालाल बजाजांनी त्यांना वेगळी कुटी बांधून दिली. आश्रमातसुद्धा बाईला दार लावून घ्यायला जागा लागली. तुझ्या घरी दिवाणखान्यात आडवं व्हायचं म्हणजे येणारा प्रत्येक जण "काय झालं" विचारणार आणि तू उठून चहा ठेवणार.

शनिवारी संध्याकाळी ताप नसेल, अंगात जरा त्राण असेल, तर अंधार पडायच्या आधी आश्रमात जाऊन या. बापूंनी लावलेल्या पिंपळाखाली बसा तासभर. तिथं कोणी फोटोसाठी हसायला लावत नाही. येताना गोरस भांडारातून गोरसपाकाची बिस्किटं आण, कोमट दुधाबरोबर घशाला काही त्रास नाही त्यांचा. केकचं मात्र राहू दे. सर्दी झालेल्या माणसानं फुंकलेला केक मग सासऱ्यांनी खायचा, त्यांना आधीच दम्याचा त्रास. मेणबत्ती फुंकायला मुलं आहेत.

तरी मनात खट्टू वाटेल, मला माहीत आहे. नवी साडी, ठरलेला बेत. त्यावर आपल्याकडे एक छान सोय आहे, जी आपण विसरलोय. तुमचं लग्न तारखेला लागलं तसं तिथीलाही लागलं होतं. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे तिथी दर वर्षी पुढेमागे सरकते, अधिक महिना आला की पुन्हा भरपाई होते, आणि तारीख-तिथीची गाठ जवळपास 19 वर्षांनी पडते. मधल्या सगळ्या वर्षांत तुमचे वाढदिवस दोन असतात! कालनिर्णय काढ, तुमची मार्गशीर्षातली तिथी बघ. पुढे असेल तर सावजीचं जेवण तेव्हा. आत्ता त्या तिखट रश्श्याचा एक घोटही तुझ्या घशाखाली उतरायचा नाही. आणि तिथी होऊन गेली असेल तर तू म्हणशील तो रविवार. देवाला काही त्याचं सोयरसुतक नाही.

स्टेटसला लग्नातला जुना फोटो टाक, तोही दुपारी, झोप झाल्यावर. मामेबहिणींचे "पार्टी कुठे?" असे प्रश्न येतील, त्यांना उत्तर द्यायची घाई नको.

राहता राहिल्या सासूबाई. या शनिवारी माणसं नकोत म्हटलं की त्यांना वाईट वाटेल, कारण त्यांनी पाटवड्यांचं बेसन आणून ठेवलंय, मला परवाच म्हणाल्या. तू त्यांना काही सांगू नकोस, तुझ्या तोंडून ते सबब सांगितल्यासारखं वाटेल. जावईबापूंनाच सांगू दे, मुलाचं ऐकतात त्या. आणि जावईबापूंनी टाळाटाळ केली, तर उद्या दहाच्या आत मला मिस्ड कॉल दे. मी लावते सासूबाईंना फोन, पाटवडीची कृती विचारायच्या निमित्तानं.