दगडू आणि सख्र : नावाविषयी इस्लामची शिकवण



गेल्या हिवाळ्यात एका निकाहच्या मजलिसीत मी रजिस्टर भरत होतो. वधूच्या पित्याचे नाव कागदपत्रांवर 'दगडू' असे होते. तेवढ्यात वधूचा भाऊ जवळ आला आणि कानाशी म्हणाला, "मौलाना, लिहायचं ते लिहा, पण माइकवर 'दाऊद' म्हणा. वराकडची मंडळी शहरातली आहेत." मी नकार दिला आणि इजाब-कबूलच्या वेळी 'दगडू' हेच नाव उच्चारले. मात्र उच्चारताना माझाही आवाज किंचित खाली आला, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेख त्या खाली आलेल्या आवाजामुळे लिहीत आहे.

नकाराचे कारण शरीअतचे होते. निकाहमध्ये वधूची ओळख निःसंदिग्ध असावी लागते आणि ती ओळख पित्याच्या नावाने पुरी होते. वधू मजलिसीत हजर नसेल आणि पित्याचे नाव चुकीचे घेतले गेले, तर निकाहच्या वैधतेलाच बाधा येते, असा इशारा हनफी फिक्हच्या ग्रंथांत आहे. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत माणसांना त्यांच्या पित्यांच्या नावाने पुकारण्याची आज्ञा आहे आणि अल्लाहजवळ हेच अधिक न्यायाचे आहे, असे सांगितले आहे. ती आयत दत्तक पुत्रांच्या संदर्भात अवतरली हे खरे. पण ज्याने जन्म दिला त्याचे नाव झाकू नये, हा तिचा आशय आमच्या त्या मजलिसीलाही लागू होताच.

आता लाजेविषयी. आमच्या मक्तबचा हजेरीपट आणि मुलांच्या दाखल्यांवरील आजोबांची नावे शेजारी ठेवली, तर तीन पिढ्यांचा इतिहास उलगडतो. आजोबा चाँद, गुलाब, बाबूलाल, दगडू, दस्तगीर; आजी हलीमा, रमजानबी. (दर्ग्यांशी जोडलेल्या नावांविषयी स्वतंत्र लिहावे लागेल.) त्यांच्या मुलांची नावे सलीम, जावेद, परवेज, शहनाज, रुखसाना, ही फारसी-उर्दूची आणि पुष्कळशी चित्रपटांच्या काळाची देणगी. आणि नातवंडे अरहान, इनाया, अनाबिया, अलैना. पहिल्या पिढीची नावे गावच्या मातीतून आली, दुसरीची पडद्यावरून, तिसरीची मोबाइलमधून.

नावे बदलतात यात गैर काही नाही. 'मुहम्मद' हे पवित्र नाव तुर्कस्तानात 'मेहमेत' झाले आणि पश्चिम आफ्रिकेत 'मामादू'. तिकडेच 'फातिमा'ची 'फातुमाता' झाली. जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांत ज्याची गणना होते, त्या इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांचे नाव महाभारतातील कर्णावरून आले आहे. लहानपणी ते वारंवार आजारी पडत, म्हणून त्यांचे आधीचे नाव बदलून हे ठेवले गेले होते.

मुले जगत नसली की नाव बदलावे किंवा मुद्दाम हलके ठेवावे, ही आईबापांची भीती आपल्या गावांनाही परिचित आहे. दगडू, धोंडू, केरू ही नावे बहुधा त्या भीतीतूनच आली. त्या वधूच्या पित्याने जेवणाच्या वेळी मला सांगितले, की त्यांच्याआधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली होती. "मी तरी दगडासारखा टिकावा म्हणून आईनं ठेवलं," एवढे बोलून ते पाहुण्यांना वाढायला उठले. नावामुळे मृत्यू टळतो, ही समजूत इस्लामच्या शिकवणीत बसत नाही. जीवन आणि मृत्यू केवळ अल्लाहच्या हाती आहेत. परंतु समजूत चुकीची असणे आणि नाव लाजिरवाणे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण अरबीत 'सख्र' म्हणजे खडक, दगड. कुरैशचे सरदार अबू सुफियान (रजि.) यांचे मूळ नाव सख्र होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा ते बदलले गेले नाही. पहाटेच्या कामात बरकत मिळावी, अशी दुआ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतसाठी केली. ती आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सहाबींचे नावही सख्र. ते व्यापारी होते, आपला माल पहाटेच रवाना करीत आणि त्यातूनच संपन्न झाले. हुदैबियाच्या वेळी बेड्या ओढत आलेले अबू जंदल (रजि.) आठवा, 'जंदल' म्हणजेही शिळा. खुद्द प्रेषितांच्या (स.) वंशावळीत 'फिह्र' हे नाव आहे. तळहातात मावेल असा, ठेचण्याच्या उपयोगाचा दगड, हा त्याचा अर्थ. उहुदमध्ये शहीद झालेल्या आणि फरिश्त्यांनी ज्यांना गुस्ल दिले त्या हंजला (रजि.) यांच्या नावाचा अर्थ आहे कडू इंद्रावण.

मग मला सांगा, 'सख्र' कानाला भारदस्त आणि 'दगडू' गावंढळ, हा भेद कोणी केला? शरीअतने नव्हे. तो आपण केला आहे, भाषेवरून.

येथे एखादा अभ्यासू वाचक हरकत घेईल, की प्रेषितांनी (स.) काही नावे बदललीही होती. होय, बदलली. सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव 'हज्न' होते, म्हणजे खडबडीत, कठीण जमीन. प्रेषितांनी (स.) त्यांना 'सह्ल', म्हणजे सुगम, हे नाव सुचवले. वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांच्यावर सक्ती झाली नाही. पण तो कठोरपणा आमच्या घराण्यात राहून गेला, असे नातू पुढे सांगत असत. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. म्हणून नव्या बाळाचे नाव ठेवताना चांगला, कोमल अर्थ शोधणे हेच उत्तम. आज कोणी 'दगडू' ठेवावे, असे मी म्हणत नाही. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही नावे अल्लाहला सर्वाधिक प्रिय असल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. माझा आग्रह इतकाच, की ठेवून झालेले, ज्यात शिर्क नाही, अवज्ञा नाही, असे वडिलांचे नाव माइकवर बदलू नये.

आणि मोबाइलवरील नावांत तरी अर्थ शोधला जातो का? 'अलैना' हा शब्द कुरआनमध्ये अनेक ठिकाणी येतो, म्हणून तो मुलीला ठेवला जातो. त्याचा अर्थ आहे 'आमच्यावर'. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर सर्वनामाला जोडलेले शब्दयोगी अव्यय. नमाजमध्ये आपण तो रोज उच्चारतो, म्हणून काही तो नाव होत नाही. 'आसिया'ची गंमत आणखी गंभीर आहे. अलिफ आणि सीनने लिहिलेली आसिया म्हणजे फिरऔनची ईमानवंत पत्नी. ऐन आणि सादने लिहिलेली आसिया म्हणजे अवज्ञा करणारी, ह. उमर (रजि.) यांच्या कन्येचे हे नाव प्रेषितांनी (स.) बदलून 'जमीला' ठेवले होते. देवनागरीत दोन्ही नावे हुबेहूब एक दिसतात. मराठी यादीतून नाव निवडणाऱ्या पित्याला हा फरक कळणार कसा? उलट 'रय्यान' पाहा. रोजा राखणाऱ्यांसाठीच्या जन्नतच्या दरवाजाचे ते नाव. ते लोकप्रिय झाले आहे आणि अर्थानेही सुंदर आहे. नवे म्हणून वाईट, असे नाहीच.

आणखी एक सवय सोडण्याजोगी आहे. 'अब्दुल' म्हणजे 'चा दास'. कोणाचा, ते पुढे यावे लागते. अब्दुर्रहमानला नुसते 'अब्दुल' म्हणून हाक मारली, तर अर्थ तुटतो. नुसते 'रहमान' म्हटले, तर जे नाम केवळ अल्लाहचे, ते दासाला दिले जाते. शाळेत नाव घालताना ते दोन रकान्यांत तुटणार नाही, याकडेही लक्ष द्या.

घाई करण्याचे कारण नाही. प्रेषितांनी (स.) आपल्या पुत्राचे नाव इब्राहीम जन्माच्या रात्रीच ठेवले, आणि अकीकाच्या हदीसमध्ये सातव्या दिवसाचाही उल्लेख आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करावयाची असते, पण नाव नंतरही दाखल करता येते. तेवढ्या अवधीत अरबी जाणणाऱ्या कोणाकडे तरी जा, नाव अरबी लिपीत लिहून घ्या आणि अर्थ विचारा. घरात आजी असेल, तर तिच्या आईचे नाव काय होते, तेही विचारा. पुष्कळ घरांत ते 'हलीमा' निघते.