बॅगेत माफ, पार्सलात कर

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. माझ्या नातीला बारावीच्या अभ्यासासाठी त्याने तिकडून टॅब्लेट घेऊन कुरिअरने सोलापूरला पाठवला. खोक्यावर स्वच्छ ‘भेट’ असं लिहिलं होतं, तरी दहा हजारांच्या वर कर भरावा लागला. मागे तो स्वतः आला तेव्हा माझ्यासाठी बॅगेतून लॅपटॉप आणला होता. त्यावर मुंबईच्या विमानतळावर एक रुपयाही पडला नाही. हातातून आणलं तर माफ आणि पार्सलने आलं तर कर, असं का?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचं काही चुकलं नाही. फरक पडला तो वाटेमुळे. माणसाबरोबर येणारं सामान आणि माणसावाचून येणारा माल, यांना आपला सीमाशुल्क कायदा दोन वेगळ्या दारांनी आत घेतो.

विमानतळाचं दार प्रवाशाचं. तिथे बॅगेज रूल्स लागतात. परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमाफ होत्या; फेब्रुवारी २०२६ पासून ही मर्यादा ७५,००० झाली. त्याशिवाय अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ असतो. तुमचा लॅपटॉप याच वाटेने आला. मात्र या दारातही सगळंच माफ नसतं. २०१३ साली रुपया घसरत होता आणि लोक दुबई-बँकॉकहून सपाट टीव्ही काखोटीला मारून आणत होते. त्या वर्षीच्या २६ ऑगस्टपासून तो टीव्ही करमाफीतून वगळला गेला.

दुसरं दार टपालाचं आणि कुरिअरचं. इथे प्रवासी नसतो, नुसतं खोकं असतं. १९७५ च्या दरसूचीत ‘वैयक्तिक वापरासाठी आयात केलेला माल’ असं ९८०४ क्रमांकाचं स्वतंत्र शीर्षक आहे आणि घरी येणारं पार्सल बहुधा त्याखाली मोजतात. मोजण्याची रीत एकदा समजून घेण्यासारखी आहे, कारण लोक फसतात ते इथेच. वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवतात आणि त्या बेरजेवर सीमाशुल्क लावतात. मग किंमत अधिक सीमाशुल्क, या नव्या बेरजेवर आयजीएसटी. म्हणजे करावरही कर.

समजा, टॅब्लेट ३०,००० रुपयांचा आहे आणि कुरिअर-विमा मिळून ४,००० झाले. हिशेब ३४,००० वर सुरू होतो. सीमाशुल्क १० टक्के धरलं तर ३,४००. आता ३७,४०० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ६,७३२. एकूण १०,१३२ रुपये. जिथे समाजकल्याण अधिभार लागतो तिथे आकडा आणखी थोडा चढतो. कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. ते सरकारचं नाही, तेव्हा पावतीत सुटं दाखवलंय का ते जरूर बघा. दर मात्र अर्थसंकल्पागणिक हलतात: वैयक्तिक मालावरचा दर २० टक्क्यांवरून १० वर आणण्याचा प्रस्ताव २०२६ च्याच अर्थसंकल्पातला.

आता ‘भेट’ या शब्दाविषयी. एके काळी तो चालत असे. ५,००० रुपयांपर्यंतची भेट करमाफ होती. पण चिनी ऑनलाइन दुकानांनी गिऱ्हाइकाला विकलेला माल ‘भेट’ म्हणून धाडायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ही सवलतच काढून घेतली. अपवाद उरले दोन : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी. तिच्याबरोबर घड्याळ किंवा इअरफोन आला तर त्यावर कर आहे. प्रामाणिकपणे पाठवणाऱ्या भावाबहिणींना व्यापाऱ्यांच्या लबाडीची किंमत मोजावी लागली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट मला अन्यायाची वाटते. व्यापारी कंपनी हजार लॅपटॉप आणते तेव्हा त्यावर मूळ सीमाशुल्क शून्य असतं, कारण १९९७ साली आपण माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालो. आजीला आलेला एकच लॅपटॉप मात्र ९८०४ खाली जातो आणि त्यावर शुल्क बसतं. विद्यार्थ्याच्या एका यंत्रापुरती तरी ही तफावत मिटायला हवी.

मुळात असा कर हवाच कशाला, असं नातीने विचारलं तर तिला जुन्या गिरणीच्या जागेकडे घेऊन जा. सोलापूरची ती गिरणी १८७७ ची. १८९६ साली इंग्रज सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना झळ लागू नये म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. स्वतःच्या देशात विणलेल्या कापडावर दंड! तो हटायला १९२५ साल संपत आलं. आयात कर आपल्या हातात असणं म्हणजे काय, हे सोलापूरने असं सोसून जाणलं आहे. आज मोबाइलवर तो कर इथल्या कारखान्यांसाठीच लावतात. २०१८ मध्ये २० टक्के होता, कारखाने उभे राहिल्यावर जुलै २०२४ मध्ये १५ वर आला.

आणि हद्दीवरचा कर तर आपल्या आजी-आजोबांच्या चांगल्या ओळखीचा. १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या मुलखात होतं. माल घेऊन हद्द ओलांडली की करोडगिरीचा नाका लागे. तुमच्या टॅब्लेटचंही तेच झालं. तो विकत घेतला की मायेने दिला, यापेक्षा त्याने हद्द ओलांडली याला महत्त्व आलं.

पुढच्या वेळी पाठवण्याआधी मुलाला खरी किंमत लिहायला आणि खरेदीचं बिल खोक्यावर लावायला सांगा. ‘वीस डॉलर’ लिहून सुटका होत नाही. अधिकारी किंमत ताडून बघतात आणि खोटं निघालं तर माल जप्त होऊन दंडही बसतो. ड्रोन तर पाठवूच नये. फेब्रुवारी २०२२ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. घाई नसेल तर दिवाळीला येणाऱ्या कुणाच्या बॅगेत जागा मागणं सगळ्यांत स्वस्त.

प्रश्न : ‘कस्टममधून बोलतोय, तुमचं परदेशी पार्सल अडकलंय, या नंबरवर पैसे टाका’ असा फोन आला. खरा असेल का?
— एक निवृत्त शिक्षक, अक्कलकोट

उत्तर : नाही. सीमाशुल्क कुणाच्या खासगी खात्यात किंवा मोबाइल नंबरवर भरायचं नसतं. टपालाने आलेल्या पार्सलचा कर पोस्ट पावती देऊन घेतं, कुरिअरचा कर कंपनीच्या अधिकृत बिलातून येतो. सीमाशुल्क खात्याच्या खऱ्या पत्रावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुम्ही काही मागवलंच नसेल तर फोन ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.